आजीचे मराठी चुकीचे म्हणायचे की निराळे? दोन संस्कृतींच्या घरातून मुलीला काय द्यावे?

कावेरीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न घरगुती आहे, परंतु त्याचे मूळ साडेतीनशे वर्षे मागे जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमचे घराणे तंजावरकडचे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांच्यामागून जे शिलेदार, कारकून, पुराणिक, हिशेबनीस तिकडे गेले, त्यांपैकी कुणाचे तरी आम्ही वंशज आहोत. नेमके कधी गेलो हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पणजोबांचे वडील राजवाड्याच्या दफ्तरात मोडी लिहीत असत, एवढेच ठाऊक आहे. १८५५ साली इंग्रजांनी राज्य खालसा केले, राजवाड्यातल्या नोकऱ्या गेल्या आणि आमच्यासारखी घरे कुंभकोणम, मद्रास अशी पांगली. माझा जन्म कुंभकोणमचा, शिक्षण चेन्नईतले, आणि गेली अकरा वर्षे मी नोकरीनिमित्त पुण्यात आहे. पत्नी साताऱ्याची आहे. मुलगी सातवीत शिकते.

पुण्यात येईपर्यंत मी स्वतःला निःशंकपणे मराठी समजत होतो. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात नेऊन तिथला मराठी शिलालेख दाखवला होता. चोळांनी बांधलेल्या त्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे. वडिलांना देवनागरी अक्षरे लावून लावून वाचावी लागत. उन्हात उभे राहून त्यांनी कशाबशा तीन ओळी वाचल्या, घाम पुसला आणि म्हणाले, "पारु, इदु नम्मुदु." म्हणजे, "बघ, हे आपले आहे." मराठी शिलालेख आपला आहे हे त्यांनी मला तमिळमध्ये सांगितले, यात काही विशेष आहे असे तेव्हा आम्हा दोघांनाही वाटले नाही.

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी सरळ वाटणी आमच्याकडे कधीच नव्हती. पैशांचे हिशेब मराठीत होत, भांडणे तमिळमध्ये होत, आणि लहान मुलांना झोपवताना दोन्हींची सरमिसळ होई. आई वाणसामानाची यादी आजही मराठी शब्दांत, पण तमिळ लिपीत लिहिते. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर असल्यामुळे तिच्या यादीतला 'गूळ' हा 'कूळ'सारखाही वाचता येतो, आणि माझी पत्नी पहिल्या वर्षी ती यादी हातात घेऊन हताशपणे माझ्याकडे पाहत असे.

वडील गेल्यानंतर, मागच्या वर्षी, आई कायमची पुण्याला आली. पहिल्याच आठवड्यात ती एकटीच भाजी आणायला गेली. तिने मराठीत विचारले की पडवळ कोवळे आहे का, बी धरलेले नको. भाजीवाल्या बाईंनी हिंदीत उत्तर दिले. आईने पुन्हा मराठीत विचारले, त्यांनी पुन्हा हिंदीत सांगितले. आईला हिंदी येत नाही. ती पडवळ न घेता परत आली आणि मला म्हणाली, "मी मराठीच बोलले ना रे?" त्यानंतर ती बाहेर फारशी बोलत नाही.

हे एक वेळ सोडून देता आले असते. परंतु आता माझी मुलगी तिला दुरुस्त करू लागली आहे. तमिळमध्ये महाप्राण अक्षरे नसल्यामुळे आईचे 'भ' आणि 'ध' मवाळ पडतात. "आजी, बाजी नाही, भाजी," असे मुलगी म्हणते. सुरुवातीला आई हसत असे. आता ती नातीशी मोजके बोलते आणि माझ्याशी तमिळकडे वळते. शाळेच्या अर्जात मातृभाषेसाठी एकच रकाना होता. तिथे आम्ही 'मराठी' लिहिले आणि त्याबद्दल घरात वाद नाही. मात्र त्या रकान्यातले मराठी आणि माझ्या आईचे मराठी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटू लागले आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द आहेत; ऐकणाऱ्याला वगळून एक आणि ऐकणाऱ्याला धरून दुसरा. तमिळमध्येही 'नांगळ' आणि 'नाम' असेच दोन आहेत. चेन्नईतले शेजारी पोंगलच्या दिवशी आम्हाला 'नाम'मध्ये धरत आणि सोयरिकीचा विषय निघाला की अलगद 'नांगळ'वर येत. पुण्यात लग्नानंतर सासरे पहिल्यांदा "आपल्यात असे करत नाहीत" असे म्हणाले, तेव्हा त्या 'आपल्यात'ने मी सुखावलो होतो. ते वाक्य मला काय करू नये हे सांगण्यासाठी होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

तर माझे प्रश्न असे: मुलीला थांबवावे का? आणि आजीकडचे जे आहे ते 'मराठी' म्हणून तिला द्यावे, 'तमिळ' म्हणून द्यावे, की त्याला तिसरेच काही नाव आहे?

दांडियाबाजार

आपले लेखन वाचून प्रथम एक जुने ऋण आठवले. आमच्या बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे आपल्याच कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि इंदूर करून ते १८७५ साली बडोद्याला आले आणि सयाजीराव अल्पवयीन असताना त्यांनीच राज्य सावरले. पुढे १८८० साली सयाजीरावांचा पहिला विवाह झाला तोही तंजावरच्या राजघराण्यातल्या कन्येशी, आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याच्या दरबारात आले. म्हणजे महाराष्ट्राबाहेरची दोन मराठी राजघराणी एकमेकांशी सोयरिक करत होती आणि त्या सोयरिकीतून गुजरातच्या भूमीवर तमिळ नृत्य आले. यातले कुणाचे काय, हे आता कोण ठरवणार?

माझा अनुभव मात्र इतका ऐटदार नाही. आमच्या घरी चार पिढ्या मराठी बोलले जाते, पण त्यात गुजराती मुरलेले आहे. एखादी गोष्ट सोयीची वाटली नाही, तर आम्ही "मला हे फावत नाही" असे म्हणतो, आणि वाक्याच्या शेवटी "येतोस ने?" असा 'ने' लावतो. १९७१ साली मी शिक्षणासाठी पुण्याला गेलो. वसतिगृहातल्या मुलांनी पहिल्या महिन्यातच माझा 'ने' पकडला, आणि मला हाक मारायची तीच एक तऱ्हा झाली. मी जिद्दीला पेटलो, वर्षभरात बोलणे घासूनपुसून स्वच्छ केले आणि दिवाळीला घरी गेलो. मी आजीशी दोन-चार वाक्ये बोललो असेन. ती स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारती झाली, "हा कोण पाहुणा आला आहे ग, इतके मानाने बोलतो?"

ती गंमत करत होती असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. आज मी तिच्या वयाचा झालो आहे आणि ती गंमत करत नव्हती हे मला कळते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मुलीला थांबवू नका, पण ती जे करते त्याला दुरुस्ती म्हणू देऊ नका. 'भाजी' हा उच्चार तिला शाळेत लागतो, तो तिने जरूर शिकावा. आजीचा उच्चार हा आजीच्या घरचा आहे, असे तिला एकदा शांतपणे सांगा. मुलांना हे समजते. वर्गातल्या बाईंशी एक बोलणे आणि मैदानात दुसरे बोलणे हे ती रोजच करत असतात.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी उदास आहे, तेही प्रामाणिकपणे सांगतो. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्या कायद्याने शाळेत गेलेली बहुसंख्य मुले गुजरातीत शिकली. राजाची मातृभाषा मराठी होती, प्रजेची गुजराती, आणि राजाने प्रजेच्या बाजूने निवाडा दिला. तो योग्यच होता. मात्र आमच्यासारख्यांची भाषा दरबार होता तोवर दरबाराच्या आधाराने उभी होती आणि नंतर निव्वळ सवयीने. माझ्या दोन्ही सुना गुजराती आहेत, गुणी आहेत, गणपतीची आरती त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. नातवंडांना मराठी समजते, परंतु ती उत्तर गुजरातीत देतात. आमच्याकडे दुसरी संस्कृती उरली आहे ती आरतीपुरती आणि श्रावणी सोमवारापुरती. आपल्या आईने नातीशी बोलणे थांबवले तर आपल्याकडे तेवढेही उरणार नाही, म्हणून आधी ते बोलणे पुन्हा सुरू करा आणि नावाचा प्रश्न मागाहून सोडवा.

जाता जाता, 'आम्ही' आणि 'आपण' यांचा भेद गुजरातीतही आहे, 'अमे' आणि 'आपणे'. इथेही कुणी कुणाला कधी 'आपणे'मध्ये धरायचे याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, आणि सगळ्यांना ते पाठ असतात.

सरळरेषा

वरील भावना मान्य आहेत, पण प्रमाणभाषेलाही काही अर्थ असतो. मुलीला उद्या परीक्षेत 'बाजी' लिहून गुण मिळणार नाहीत. प्रत्येक घराने आपल्या उच्चाराला परंपरा म्हणायचे ठरवले, तर शिकवायचे काय? आजीचा मान राखावा आणि चूक ती चूक म्हणावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. यात संस्कृतीचा प्रश्न कुठे येतो हे मला कळलेले नाही.

हातमाग

संस्कृतीचा प्रश्न कुठे येतो ते मी सांगतो, आणि त्यासाठी मूळ प्रश्नकर्त्यांनाही थोडे दुखवावे लागेल.

मी सोलापूरचा. घरी तेलुगू. आमचे पूर्वज तेलंगणातून माग चालवायला आले आणि पूर्व भागात स्थिरावले. माझी आजी विड्या वळत असे. विड्या मोजायची ती तेलुगूत, माल पारखून घेणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची ती मराठीत, आणि अक्कलकोटकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी बोलायची ती कन्नडमध्ये. तीन भाषांत तिने कधी कुणाकडून एक पैसा कमी घेतला नाही. या बाईला आजवर कुणी 'बहुसांस्कृतिक' म्हटले नाही. तिला 'अडाणी' म्हणत. माझ्या शाळेतले एक गुरुजी आम्हा मुलांबद्दल म्हणत, "यांच्या घरी वातावरण नाही." घरी वातावरण भरपूर होते, ते फक्त त्यांना ऐकू येत नव्हते.

म्हणून राजे, दिवाण आणि शिलालेख यांच्या आधाराने दोन संस्कृतींची कहाणी सुरू झाली की मी सावध होतो. व्यंकोजींचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे यांनी 'पंचभाषाविलास' नावाचे नाटक रचले आणि त्यात पात्रे पाच भाषांत बोलतात, याचे कौतुक मलाही आहे. मात्र राजाने पाच भाषा वापरल्या की ती कला ठरते आणि विडी कामगार बाईने तीन वापरल्या की ती गरज ठरते. 'द्विसांस्कृतिक' ही पदवी बहुधा ज्याच्या दोन्ही बाजूंना काही प्रतिष्ठा आहे त्यालाच मिळते. ज्याच्या एका बाजूला प्रतिष्ठा नाही, त्याला आपण 'अजून मिसळला नाही' असे म्हणतो.

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी आम्ही दर वर्षी फळ्यावर काढतो. नव्या समाजात गेलेल्या माणसापुढे चार वाटा असतात: दोन्ही संस्कृती राखणे, जुनी सोडून नवीत विरघळणे, नवी नाकारून जुनीत राहणे, किंवा दोन्हींपासून तुटणे. विद्यार्थी हे चार चौकोन वहीत उतरवतात आणि माणूस त्यांतला एक आपल्या मर्जीने निवडतो असे समजून घरी जातात. वास्तविक यजमान समाज कोणते दार उघडे ठेवतो यावर बरेच काही अवलंबून असते, आणि बेरींनी स्वतःही ते ध्यानात घेतले आहे, पण फळ्यावरच्या चौकटीत ते मावत नाही. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो. आमच्या समाजाचा तो सर्वांत मोठा दिवस. त्या रस्त्यावरून माझ्याबरोबर चालणारा माझा सख्खा मित्र, तीस वर्षांच्या ओळखीनंतरही, "यंदा तुमचा रथ लवकर आला" असेच म्हणतो. तो द्वेषाने म्हणत नाही. मला त्याचे वाईटही वाटत नाही. पण 'तुमचा' हा शब्द निवडण्याचे काम माझ्याकडे नसते.

भाजीवाल्या बाईंबद्दल एक शंका विचारतो. त्या स्वतः कुठल्या, याची चौकशी आपण केली का? मोठ्या शहरातल्या बाजारात अनोळखी हेल कानावर पडला की विक्रेता हिंदीवर येतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या बाजूने सौजन्य असते. गिऱ्हाइकाला सोपे जावे म्हणून तो स्वतःला न येणाऱ्या भाषेत शिरतो. आपल्या आईंना ते नाकारणे वाटले, बाईंना कदाचित ते स्वागत वाटले असेल.

'सरळरेषा' यांना एकच सांगतो. परीक्षेत 'भाजी' लिहायला कुणी विरोध केलेला नाही. प्रश्न असा आहे की जी बाई आयुष्यभर एक भाषा बोलत आली, तिला तिच्याच भाषेत कच्ची ठरवण्याचा अधिकार सातवीतल्या मुलीला कुणी दिला. तो मुलीने स्वतः मिळवलेला नाही. तो तिला आपण सगळ्यांनी, वर्गात आणि बाजारात, न बोलता दिलेला आहे.

अश्दोदची

शालोम आणि नमस्कार. मी इस्राएलमधून लिहिते आहे. टंकलेखनात चुका असल्यास सांभाळून घ्यावे. माझे मराठी शालेय शिक्षण सहावीत थांबले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आमचे लोक तेल गाळत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावावरून आडनावे पडली, पेणकर, रोहेकर, नवगावकर. १९६९ साली, मी अकरा वर्षांची असताना, आमचे कुटुंब भायखळ्याहून इथे आले. कोकणात आमच्या पूर्वजांना सगळे तेली म्हणत, भायखळ्याला शेजारी आम्हाला यहुदी म्हणत, आणि यहुद्यांच्या देशात पाऊल ठेवले त्या दिवसापासून आम्ही 'होदी' झालो, म्हणजे भारतीय. प्रत्येक ठिकाणी आमच्यातला जो भाग तिथे कमी होता, त्याच भागाचे नाव आम्हाला मिळाले. १९६०च्या दशकात तर बेने इस्राएलांचे विवाह इतर यहुद्यांशी लावावेत की नाहीत, यावरून इथे मोठा वाद झाला होता, आणि आमचे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे १९६४ साली संसदेत सांगावे लागले. आम्ही आलो तेव्हा तो वाद मिटला होता, पण मोठी माणसे त्याविषयी आवाज खाली करून बोलत.

हिब्रूत 'आम्ही' आणि 'आपण' यांना मिळून एकच शब्द आहे, 'अनाख्नु'. लहानपणी मला तो फार आवडला होता. कुणी 'अनाख्नु' म्हटले की त्यात मी आहे की नाही हे त्याच्या तोंडावरून कळत नसे, आणि मी आहे असे धरून चालता येत असे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. आव महिन्याच्या नवव्या दिवशी, जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्याच्या स्मरणार्थ, जगभरचे यहुदी उपवास करतात. आमच्या आजीच्या तोंडी त्या उपवासाचे नाव 'बिरड्याचा रोजा' असे होते, कारण तो वालाचे बिरडे खाऊन सोडायचा. यहुदी उपवास, फारसी शब्द, कोकणी कडधान्य. माझी सून मोरोक्कोहून आलेल्या घराण्यातली आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने मला विचारले की हे नाव कोणत्या ग्रंथात आहे. मी म्हटले, कोणत्याही नाही, आजीच्या डोक्यात आहे. ती हसली आणि त्या रात्री वाल सोलायला माझ्याजवळ बसली. भिजलेल्या, मोड आलेल्या वालाचे साल दोन बोटांत दाबले की दाणा सुळकन बाहेर उडतो, तो जाऊन तिच्या चष्म्यावर आपटला. तेव्हापासून आमच्या घरी या उपवासाला बिरड्याचाच रोजा म्हणतात, आणि सुनेच्या तोंडी तो 'बिर्दा' असतो. मी तिला दुरुस्त करत नाही. तिच्या भाषेत 'ड' नाही.

२०१० साली मी अलिबागला गेले होते. तिथल्या एका दुकानदाराने माझे बोलणे ऐकून विचारले, "आजी, तुम्ही जुन्या सिनेमातल्यासारखे का बोलता?" माझे मराठी १९६९ साली विमानात बसले आणि तेवढ्यावरच राहिले, हे त्याला कसे सांगणार? आपल्या आईंचे मराठीही कुठेतरी निराळ्या वाटेला लागले, आणि त्या वाटेवर ते जिवंत राहिले. पुण्याचे मराठी पुण्याच्या वाटेने गेले. दोन्हींमध्ये मूळ कोणते, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो.

व्यवहारातली एकच सूचना करते. नातीला आजीपुढे शिकणारी म्हणून बसवा, आणि तेही अशा गोष्टीसाठी जी फक्त आजीलाच येते. आजीचा मान राखावा म्हणून नव्हे. नातीला खरोखर हवी असेल अशीच एखादी गोष्ट निवडा, नाही तर मुलांना ते लगेच कळते.

कावेरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी घडल्या.

'हातमाग' यांच्या सांगण्यावरून मी त्या भाजीवाल्या बाईंकडे गेलो. त्या इंदापूरकडच्या निघाल्या, म्हणजे घरी मराठीच. मी आईची आठवण करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दोन्हीकडून चमकी घातलेल्या आजी ना? मला मद्रासी वाटल्या. त्यांना मराठी कुठून कळणार, म्हणून मी हिंदी बोलले." आई दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या घालते, तिकडची तशी पद्धत आहे. म्हणजे तिचा हेल बाईंनी ऐकलाच नव्हता. तिने तोंड उघडण्याआधीच तिची भाषा ठरून गेली होती. सौजन्य होते हे खरे, आणि आपला तर्क निम्मा बरोबर निघाला. आपण माझ्या शिलालेखावर घेतलेला आक्षेपही मला पटला, जरी पटवून घ्यायला दोन दिवस लागले. आमच्या घराण्याला मोडी येत होती म्हणून आम्हाला पूर्वज आहेत. तंजावरी फौजेबरोबर जी शिंपी, मोतद्दार, पखालजी मंडळी गेली असतील, त्यांची नातवंडे आज काय बोलतात, हे मी कधी विचारलेही नव्हते.

'अश्दोदची' यांची सूचना अमलात आणायला मला काही करावे लागले नाही. मुलीच्या सातारच्या आजी चार दिवस राहायला आल्या होत्या. आमच्याकडे 'डांगर पच्चडी' म्हणून एक प्रकार करतात. उडदाची डाळ भाजून तिचे पीठ करायचे, ते दह्यात कालवायचे आणि वरून मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी द्यायची. 'पच्चडी' हा शब्द तमिळ आहे, 'डांगर' आपला मराठी. आईने तो केला आणि सातारच्या आजींनी पहिला घास घेताच म्हटले, "अहो, हे तर आपले डांगर! पण आपण ह्यात ताक आणि कच्चा कांदा घालतो." आई म्हणाली, "आम्ही नाही घालत." त्यावर दोघींची जी जुंपली, ती अर्धा तास चालली. आईचे सगळे 'भ' आणि 'ध' त्या अर्ध्या तासात मवाळच होते आणि सातारच्या आजींनी एकदाही ते पकडले नाहीत, कारण त्यांना कांद्याचा मुद्दा जिंकायचा होता. मुलगी मध्ये बसून दोन्ही वाट्यांतले खात होती. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही आज्यांकडून एकेक कृती लिहून घेतली. माझ्या आईच्या कृतीत तिने 'बाजलेले पीठ' असेच लिहिले आहे. मी विचारले, तर म्हणाली, "आजीने तसे सांगितले, म्हणून तसे लिहिले. खाली माझी टीप आहे." टिपेत लिहिले होते: भाजलेले.

'दांडियाबाजार' यांना कळवायचे म्हणजे, बोलणे पुन्हा सुरू झाले आहे. दुरुस्त्या थांबलेल्या नाहीत. मात्र आता आईही परत वार करते. 'पळम' (म्हणजे फळ) म्हणताना मुलीची जीभ हवी तशी वळत नाही, आणि तमिळमधला तो मराठीहून निराळा 'ळ' नीट म्हटल्याशिवाय केळे मिळणार नाही, असा आईने नियम केला आहे. मुलगी रोज सकाळी केळ्यासाठी झगडते.

नावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जनगणनेचा माणूस येईल तेव्हा मातृभाषा एकच विचारेल आणि मी मराठी सांगेन. इतर भाषांत तमिळ सांगेन. आईने मात्र परवा बजावले आहे की तिचे उत्तर ती स्वतः देणार आहे, आणि काय देणार ते मला सांगायला ती तयार नाही.

'अश्दोदची' यांना एक विचारायचे राहिले. आपल्याकडे वाल मिळतात कुठे? आईला बिरडे हा प्रकार ठाऊक नव्हता, आणि आपले लेखन वाचून दाखवल्यापासून तिने तो विषय सोडलेला नाही.

अश्दोदची

भाचा मुंबईला जातो, तो दर वेळी दोन किलो कडवे वाल घेऊन येतो. आईंना सांगा, रात्रभर भिजवून, फडक्यात घट्ट बांधून मोड आणा, आणि सोलायच्या आधी कोमट पाण्यात टाका म्हणजे साल चटकन सुटते. आमच्याकडे आमसूल घालतात. सातारच्या आजी काय म्हणतील ते मात्र मला कळवू नका.